लोड घेऊन चढाला लागली की दम सोडते: इंटरकूलर बदलल्यावर परत परत येणारा लिम्प मोड

रिकामी पिकअप सपाट रस्त्यावर कितीही पळवा, काही होत नाही. मागे ७००-८०० किलो माल टाकला, इंजिन नीट तापलं आणि लांब चढ लागला, की २० मिनिटांच्या आत गाडीची ताकद एकदम जाते. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन ३००० आरपीएमच्या वर सरकत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. यालाच लिम्प मोड म्हणतात: इंजिन वाचवायला गाडी स्वतःच ताकद कमी करते. बाजूला घेऊन बंद करायची, मिनिटभरानं चावी फिरवायची, की पुन्हा सगळं ठणठणीत. दुसऱ्या दिवशी गॅरेजला न्यावी तर मिस्त्री म्हणतो, गाडीला काही झालेलं नाही. आणि तो खोटं बोलत नसतो, कारण त्याच्यासमोर खरंच काही होत नाही.

ज्यांनी घरी डिझेल पिकअपवर काम केलंय, मोठा इंटरकूलर (टर्बोतून तापून आलेली हवा थंड करणारा), जाड पाइप, जास्तीचा फिल्टर वगैरे बसवलंय, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना हे दुखणं ओळखीचं असेल. माझ्या गाडीनं यात चार महिने खाल्ले. एकच लक्षण, पण त्यामागे दोन वेगळी कारणं निघाली. एक हवेच्या बाजूला, एक डिझेलच्या बाजूला. पहिलं सापडलं तेव्हा सुटलो असं वाटलं, आणि पंधरा दिवसांत गाडी पुन्हा चढावर थांबली. म्हणून दोन्ही शोध जसे झाले तसे लिहितोय.

गाडीवर काय काय केलं होतं ते आधी सांगतो. कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, मिळतं), व्हेरिएबल व्हेनचा टर्बो (आतली पाती फिरून बूस्ट कमी-जास्त करतात). मूळ इंटरकूलर काढून समोर रुंद इंटरकूलर टाकला. ५० मिलिमीटरच्या मूळ पाइपांच्या जागी ६३ मिलिमीटरचे अ‍ॅल्युमिनियमचे पाइप आणि सिलिकॉनचे जॉइंट आले. टाकी आणि कंपनीचा फिल्टर यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा जास्तीचा फिल्टर लावला. शेवटी रेल प्रेशरच्या सेन्सरवर बसतो तो छोटा ट्यूनिंग बॉक्स. सगळं घरच्या अंगणात, सुटीच्या दिवशी, एकामागून एक. इथेच पहिली चूक झाली. एक बदल करून लोड घेऊन पुरेशी चालवून न पाहताच मी पुढचा बदल केला. त्यामुळे दुखणं नेमकं कशानंतर सुरू झालं हे सांगताच येईना.

वाया गेलेला वेळ

स्कॅनरवर कोड आला पी०२९९. याचा अर्थ एवढाच की ईसीयूनं (इंजिनाच्या कॉम्प्युटरनं) जेवढा बूस्ट (टर्बोनं हवेला दिलेला जादा दाब) मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, हे कोड सांगत नाही. पण मी त्याचा अर्थ "बूस्टचा सेन्सर गेला" असा घेतला आणि एमएपी सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बदलला. आठवडाभर बरं चाललं, कारण आठवडाभर लोड नव्हता. मग एअर फिल्टर, मग एअरफ्लो सेन्सरची सफाई, मग टर्बोच्या व्हॅक्यूमचा सोलेनॉइड. प्रत्येक वेळी कोड पुसला, गाडी रिकामी फिरवली आणि काम झालं असं समजलो.

सेन्सर बिघडलाय की नाही हे कळायला तो बदलावा लागत नाही. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका आणि स्कॅनरवर एमएपीचा आकडा पाहा. इंजिन बंद असताना त्या सेन्सरला फक्त बाहेरच्या हवेचा दाब कळतो. समुद्रसपाटीजवळ तो १०० किलोपास्कलच्या आसपास असतो, १००० मीटर उंचीवर ९० च्या आसपास. माझा जुना सेन्सर बरोबर आकडा दाखवत होता. दोन मिनिटांचं काम होतं.

चढावरच नोंद घ्या

उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये कितीही रेस केलं तरी टर्बोवर खरा भार येत नाही. लोड नसला की डिझेल कमी जळतं, एक्झॉस्टमध्ये जोर कमी असतो, बूस्ट बनतच नाही. म्हणून लोडवर येणारी खोड लोडवरच पकडावी लागते. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लागणारा, साधा अ‍ॅडॅप्टर आणि मोबाइलवरचं आकडे नोंदवणारं कुठलंही अ‍ॅप पुरतं. पण सगळे आकडे एकदम निवडू नका. जितके जास्त निवडाल तितका प्रत्येक आकडा उशिरा उशिरा येतो आणि नेमका पडण्याचा क्षण निसटतो. मी सहाच ठेवले: आरपीएम, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, मागितलेलं रेल प्रेशर, मिळालेलं रेल प्रेशर.

मोबाइल गाडी सुरू करायच्या आधी लावून ठेवायचा आणि चालवताना त्याच्याकडे बघायचं नाही. शक्यतो शेजारी कुणाला तरी घ्या. रिकामा, लांब, सरळ चढ निवडा. चौथा गिअर, १५०० आरपीएमपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, ३००० पर्यंत. दोन-तीनदा. मग घरी येऊन आलेख शांतपणे पाहायचा.

माझ्या पहिल्या नोंदीत २२०० आरपीएमला मागणी २४५ किलोपास्कलची होती आणि मिळत होते १९५. हे आकडे निरपेक्ष दाबाचे असतात, त्यातून बाहेरच्या हवेचे १०० वजा करायचे. म्हणजे १.४५ बार बूस्ट हवा होता आणि ०.९५ मिळत होता. त्याच वेळी रेल प्रेशरच्या दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. त्या एका आलेखानं चार महिन्यांचा गोंधळ अर्धा केला. डिझेल पोचतंय, हवा पोचत नाही.

धूरही बोलतो. एअरफ्लो सेन्सर टर्बोच्या आधी असतो. त्याच्यापुढे कुठे हवा निसटली, तर ईसीयूच्या हिशेबात ती हवा इंजिनात गेलेली असते आणि तेवढं डिझेल तो सोडतो. प्रत्यक्षात हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून काळा धूर. उलट डिझेलच कमी पडत असेल तर गाडी दम सोडते पण मागे धूर दिसत नाही. मात्र डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत काजळी आतच अडकते, धूर बाहेर येतच नाही. तिथे फिल्टर नेहमीपेक्षा लवकर लवकर भरतोय का, ते पाहायचं.

हवा नेमकी कुठून जाते

गळती शोधायची रूढ पद्धत म्हणजे टर्बोच्या तोंडावर टोपण बसवून आत हवा भरायची आणि जॉइंटवर साबणाचं पाणी टाकायचं. टोपण घरी बनतं: पाइपाच्या मापाची जाड प्लॅस्टिकची एंड कॅप, तिला भोक पाडून बसवलेला चाकाचा व्हॉल्व्ह आणि रबरी जॉइंट. इंजिन थंड आणि बंद. ऑइल भरायचं झाकण उघडं ठेवा, म्हणजे पिस्टनच्या रिंगांतून खाली उतरणारी हवा क्रँककेसमध्ये दाब करून सील बाहेर ढकलणार नाही. इंजिनाच्या ब्रीदरची नळी तुमच्या टोपणाच्या आतल्या बाजूला येत असेल तर तिचंही तोंड बंद करा. हवा हळूहळू भरायची, रेग्युलेटर लावून, १ बारच्या आसपास थांबायचं.

टोपणासमोर तोंड नेऊ नका. ६३ मिलिमीटरच्या टोपणावर १ बार म्हणजे ३० किलोहून जास्त जोर असतो. निसटलं तर ते बंदुकीच्या गोळीसारखं येतं. मी टोपणाला कपड्याचा पट्टा आडवा बांधतो आणि बाजूला उभा राहूनच भरतो.

दाब पूर्ण टिकत नाही, हळूहळू उतरतो. कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असतो, ईजीआरमधूनही (जळालेला वायू थोडा परत इंजिनात सोडणारी वाट) थोडी हवा जाते. ऑइलच्या झाकणातून किंवा सायलेन्सरमधून मंद सूं असा आवाज आला तर घाबरू नका. जॉइंटवर फेस आला तर ती गळती.

माझ्या गाडीत कुठेच फेस आला नाही. सगळे जॉइंट कोरडे. इथे मी जवळजवळ टर्बो उघडायला निघालो होतो.

तेवढ्यात गाडीखाली जाताना (चाकांना दोन्हीकडून अटकाव, पुढे घोड्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही) इंटरकूलरच्या खालच्या जॉइंटजवळ चासीवर एक डाग दिसला. पंख्यासारखा पसरलेला, तेलकट, काळपट, आणि त्यावर धूळ बसलेली. टर्बोतून येणाऱ्या हवेत ऑइलचा थोडा वाफारा असतोच. जिथून हवा जोरात बाहेर पडते तिथे समोरच्या पत्र्यावर तो असा नक्षी काढतो. साबणाच्या पाण्यानं जे दाखवलं नाही ते या डागानं दाखवलं. तुमच्याकडे कंप्रेसर नसेल, तर चांगला टॉर्च घेऊन नुसते हे डाग शोधा. बऱ्याच गळत्या तशाच सापडतात.

थंड उभ्या गाडीत तो जॉइंट गळत का नव्हता? दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या आणि दोन्ही माझ्या हातच्या होत्या.

नवा इंटरकूलर जुन्यापेक्षा ४ सेंटिमीटर रुंद होता, म्हणून मी खालचा पाइप तेवढा कापला. कापताना पाइपाच्या टोकाचा उंचवटा, ती गोल कड, निघून गेली. गुळगुळीत टोकावर सिलिकॉनचा जॉइंट आणि वर क्लॅम्प, एवढंच उरलं. क्लॅम्प सिलिकॉनला दाबतो, पण ओढलं जाताना थांबवणारं काही नसतं. ते काम ती कड करते. क्लॅम्प कडेच्या मागे बसतो आणि कड त्याला निसटू देत नाही.

आता जोराचा हिशेब करून पाहा. १.५ बार दाबाला ५० मिलिमीटरच्या पाइपात जॉइंट उघडायला बघणारा जोर साधारण ३० किलोचा असतो. ६३ मिलिमीटरच्या पाइपात तोच जोर ४८ किलोवर जातो, कारण जोर व्यासावर नाही, क्षेत्रफळावर वाढतो. बूस्ट तेवढाच ठेवून नुसता जाड पाइप टाकला तरी प्रत्येक जॉइंटवरचा भार दीडपटीनं वाढतो. मोठा पाइप टाकताना हा विचार मी केलाच नव्हता, आणि किटबरोबर आलेले क्लॅम्प स्क्रूचे, पातळ पट्टीचे होते.

दुसरी गोष्ट हलण्याची. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, इंटरकूलर चासीला घट्ट. खालच्या गिअरमध्ये पूर्ण जोर लावला की इंजिन एका अंगाला झुकतं. तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कुणीतरी सोसायला हवा. कंपनीच्या पाइपात ते काम रबराच्या घडीचं असतं. मी सरळ सिलिकॉनचा तुकडा लावला होता, त्यामुळे प्रत्येक चढावर पाइप जॉइंटमधून थोडा थोडा ओढला जायचा. गरम झालं, आतून ऑइलचा थर आला, आणि जॉइंटच्या एका बाजूला फट पडायची. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन जागेवर, फट बंद. म्हणून गॅरेजमध्ये सगळं ठीक.

दुरुस्ती अशी केली. पाइपाच्या टोकाला पुन्हा कड करून घेतली. कड पाडायचं रोलर मशीन असेल तर उत्तम. ते नव्हतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग करणाऱ्याकडून टोकापासून ८ मिलिमीटर आत चारी बाजूंनी बारीक सलग वेल्ड ओढून घेतलं आणि कानशीनं गोल केलं. कुठेही धार राहता कामा नये, धार सिलिकॉन कापते. सरळ जॉइंटच्या जागी मध्ये फुगवटा असलेला जॉइंट घातला, तो हालचाल सोसतो. टर्बोच्या बाजूच्या गरम, तेलकट जॉइंटला आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला घेतला, कारण साधं सिलिकॉन ऑइल पीत राहतं आणि मऊ पडतं. क्लॅम्प टी-बोल्टचे, स्प्रिंगवाले. सिलिकॉन तापलं-थंड झालं की फुगतं-आकसतं, स्प्रिंग ती ढिलाई भरून काढते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम सगळ्यात सोपं आहे: बसवण्याआधी पाइपाचं टोक आणि जॉइंटची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण कोरडी करा. जॉइंट सहज सरकावा म्हणून ऑइल किंवा ग्रीस लावणं ही फार जुनी सवय आहे. नळाच्या कामात चालेल, बूस्टच्या पाइपात नाही. आत शिरताना जे सरकवतं तेच बाहेर पडतानाही सरकवतं.

पुन्हा तोच चढ, तीच नोंद. मागणी २४५, मिळाले २४२. धूर गेला.

पंधरा दिवसांनी

पुन्हा तेच. तोच चढ, तसाच लोड, तशीच ताकद गेली. माझा पहिला विचार "जॉइंट पुन्हा सुटला" हाच होता आणि मी लगेच पाना घेऊन खाली शिरलो. तो अर्धा तास वाया गेला, कारण स्कॅनरवर या वेळी कोड वेगळा होता: पी००८७, रेलमधला डिझेलचा दाब कमी. लक्षण तेच म्हणून कारण तेच धरलं. आधी कोड वाचला असता तर खाली जायची गरजच नव्हती.

नोंदीत या वेळी बूस्टच्या रेघा जुळत होत्या आणि रेल प्रेशर २६०० आरपीएमनंतर मागणीपासून खाली खाली जात होतं. एकदम कोसळत नव्हतं. एकदम कोसळणं आणि हळूहळू मागे पडणं यांत फरक आहे. वायर सैल असली, सेन्सर गेला, तर आकडा झटका खातो. मागणीएवढं डिझेल पंपापर्यंत येत नसेल तर आकडा असा दमानं मागे पडतो, आणि पाय थोडा उचलला की सावरतो.

पण थांबा. माझ्या गाडीत ट्यूनिंग बॉक्स होता. रेल प्रेशरवर बसणारा बॉक्स सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब सांगतो, म्हणजे ईसीयू दाब वाढवतो. ताकद त्यातूनच येते. पण याचा अर्थ असा की बॉक्स लावलेला असताना स्कॅनरवर दिसणारा रेल प्रेशरचा आकडा खरा नसतो. खरा दाब त्याहून जास्त असतो. तो खोटा आकडा धरून मी पंप किंवा इंजेक्टर बदलायला निघालो असतो तर सगळा खर्च पाण्यात. तपासणीच्या आधी बॉक्स काढा आणि मूळ कनेक्टर जोडा. हे कुणी मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून ठळकपणे सांगतोय.

बॉक्स काढून तोच चढ चढलो. दाब अजूनही मागे पडला, पण कमी आणि उशिरा. म्हणजे बॉक्सनं दुखणं वाढवलं होतं, निर्माण केलं नव्हतं. डिझेल खरंच कमी पडत होतं.

पुढचं लिहायच्या आधी एक. इंजिन चालू असताना पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या लोखंडी नळ्यांपैकी एकही नट ढिला करू नका. जुन्या डिझेल गाड्यांत नट ढिला करून हवा काढायची पद्धत होती, ती इथे चालत नाही. कॉमन रेलमध्ये दाब १००० बारच्या वर जातो. त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडीच्या आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात आतून सडू शकतो. असं कधी झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. खाली जे लिहितोय ते सगळं टाकी ते पंप या कमी दाबाच्या बाजूचं आहे.

माझ्या गाडीत टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. हाय प्रेशर पंपालाच जोडलेला छोटा पंप टाकीतून डिझेल ओढतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी नळी ओढीखाली असते. याची एक बाजू लक्षात घ्या: ओढीखालच्या नळीला भोक पडलं तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब दिसत नाही, नळी कोरडी, आणि तरी गळती असते. ज्यांच्या टाकीत पंप आहे त्यांच्या गाडीत उलटं, तिथे डिझेल बाहेर येऊन जागा दाखवतं.

हवा येतेय का हे पाहायला पंपाच्या अगदी आधी २०-३० सेंटिमीटर पारदर्शक, डिझेल सोसणारी नळी तात्पुरती जोडली. सुरू करताना दोन-चार बुडबुडे चालतात. सतत माळ लागली तर हवा धरतेय. माझ्या गाडीत इंजिन आयडलवर असताना एकही बुडबुडा नव्हता. पुन्हा तोच धडा, उभ्या गाडीत सगळं ठीक. म्हणून बॉनेटच्या आत, गरम भागांपासून आणि पट्ट्यांपासून लांब, एक जुना मोबाइल घट्ट बांधला, व्हिडिओ सुरू केला आणि चढ चढलो. व्हिडिओत बुडबुडे नव्हतेच. दिसलं ते वेगळंच: चढावर जोर लागला की ती पारदर्शक नळी थोडी आत ओढली जाऊन चपटी होत होती.

म्हणजे हवा आत येत नव्हती, मागे कुठेतरी वाट अडली होती. पंप जोरात ओढतोय आणि मागून येत नाहीये.

आता मागे मागे जायचं. संशय जास्तीच्या फिल्टरवर. त्याला वगळून सरळ नळी जोडली (कंपनीचा फिल्टर जागेवरच, तो कधीही वगळू नका, इंजेक्टरचा जीव त्यावर आहे) आणि चढलो. दाब पूर्ण मिळाला. मग फिल्टरचा आतला भाग नवा टाकून पुन्हा जोडला. पुन्हा दाब पडला! फिल्टर स्वच्छ, तरी अडथळा. तेव्हा कळलं की दोष फिल्टरपर्यंत जाणाऱ्या नळीत आहे. फिल्टर वगळताना ती नळीही वगळली गेली होती.

नळी काढून हातात घेतली तर बाहेरून नवीकोरी. गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली आणि जिथे वळण होतं तिथे वाकवली, तर आतला थर बाहेरच्या थरापासून सुटून आत लोंबला. ही नळी आतून दाब सोसायला बनवलेली होती, ओढ सोसायला नाही. भिंत पातळ. वळण गिअरबॉक्सच्या जवळून नेलं होतं, तिथे धग लागायची. गार असताना ताठ, २० मिनिटांनी मऊ, चढावर ओढ वाढली की आतला थर वाट बंद करायचा. दुसऱ्या खेपेला गाडी तापल्यावरच का थांबायची, ते कोडं असं सुटलं. बूस्टची गळती होती तोपर्यंत इंजिनाला पूर्ण मागणी करताच येत नव्हती, म्हणून हे दुसरं दुखणं दबून राहिलं होतं. हवा पूर्ण मिळायला लागली, तशी डिझेलची मागणी वाढली आणि ते वर आलं.

नवी नळी घेतली ती जाड भिंतीची, डिझेलसाठीची, मूळ नळीइतक्याच आतल्या व्यासाची. व्यास बघाच, फिल्टरबरोबर येणाऱ्या जोडण्या बऱ्याचदा मूळ वाटेपेक्षा अरुंद असतात. वळण मोठं ठेवलं, गरम भागांपासून लांब नेलं, आणि रबराच्या अस्तराच्या पट्ट्यांनी चासीला बांधलं. जोडणीच्या तांब्याच्या वायसर नव्या टाकल्या. जुन्या वायसर एकदा दबलेल्या असतात, पुन्हा नीट बसतील याचा भरवसा नाही. स्क्रूचे क्लॅम्प फार आवळू नका, पट्टी नळीच्या बाहेरच्या थरात शिरते आणि तिथूनच पुढे हवा धरते. फिल्टरच्या काचेच्या वाटीखालच्या पाणी काढायच्या तोटीला एक छोटा रबरी रिंग असतो, तो सुद्धा ओढीखाली आहे, विसरू नका.

सगळं जोडल्यावर पंपाच्या आधी व्हॅक्यूम गेज लावून चढावरचा आकडा वहीत लिहून ठेवला. नव्या फिल्टरचा तो आकडा म्हणजे माझा तुलनेचा आधार. पुढे तो वाढत गेला की फिल्टर भरत आला असं समजायचं, किलोमीटर मोजत बसायची गरज नाही.

तुमच्याकडे दोन्ही ठीक निघालं तर

व्हेरिएबल व्हेनचा टर्बो काजळीनं अडकतो. तेव्हा बूस्ट कधी मागणीच्या वर उडतो, कधी खाली पडतो, आणि पी०२९९ बरोबर कधी पी०२३४ सुद्धा दिसतो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला हातपंप लावून ओढ द्या, दांडा एकसारखा सरकला पाहिजे आणि ओढ टिकली पाहिजे. अडत अडत सरकला तर व्हेन, ओढ टिकली नाही तर पडदा किंवा नळी. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या उष्णतेनं तडकतात, टोकाचा सेंटिमीटरभर कापून पुन्हा बसवला की अनेकदा तेवढ्यावर भागतं.

आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, तर इंजिन सोडा, क्लच घसरतोय. जास्त टॉर्क काढल्यावर मूळ क्लच हाच पहिला हरतो.

डीपीएफच्या बाबतीत एकच. बूस्टच्या गळतीनं काजळी वाढते आणि डीपीएफ भरतो, तो भरला की गाडी पुन्हा दम सोडते. पण तो दोष डीपीएफचा नसतो. तो काढून टाकणं हा उपाय सुचवणारे भेटतील. अनेक देशांत रस्त्यावरच्या गाडीतून तो काढणं बेकायदा आहे, आणि मूळ गळती तशीच राहते. गळती बंद करा, मग गाडी तापवून सलग वेगात अर्धा-पाऊण तास चालवा, म्हणजे त्याला स्वतःला जाळून साफ व्हायला वेळ मिळेल.

ट्यूनिंग बॉक्स मी सगळ्यात शेवटी परत लावला, सगळ्यात कमी सेटिंगवर, आणि त्याआधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर टर्बोच्या आधी बसवला. लांब चढावर तो ७०० अंश सेल्सिअसच्या जवळ गेला की मी पाय उचलतो आणि एक गिअर खाली घेतो.

टी-बोल्टचे क्लॅम्प पहिल्या तीन वेळा इंजिन तापून गार झाल्यावर पुन्हा तपासले. पहिल्या वेळी पाऊण फेरा आवळावा लागला, दुसऱ्या वेळी थोडासा, तिसऱ्या वेळी काहीच नाही. प्रत्येक जॉइंटच्या कडेला पाइपावर पांढऱ्या मार्करनं रेघ मारली आहे. ऑइल बघायला बॉनेट उघडलं की टॉर्च मारून ती रेघ जॉइंटला लागूनच आहे ना, ते पाहतो.